सात चौकांची गढी

पुण्याची पांढरी मोटार छबूबाईंच्या मेथीच्या वाफ्यातून गेली, त्यात मोटारवाल्याची काहीच चूक नव्हती. तो फोनमधल्या बाईचं ऐकत होता. बाई म्हणाली डावीकडं वळा, तो वळला. बाई म्हणाली सरळ जा, तो सरळ गेला. गोठ्यापुढं म्हैस आडवी आली तेव्हा बाई म्हणाली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात. काच खाली झाली. गॉगल लावलेल्या एका ताईंनी आधी म्हशीकडं पाहिलं, मग गोवऱ्यांच्या ढिगाकडं, आणि शेवटी बाजेवर बसलेल्या भिमाआबांना विचारलं, "काका, कॅसल हेच का?"

भिमाआबांनी शहात्तर वर्षांत पुष्कळ प्रश्नांना उत्तरं दिली होती. या प्रश्नाला मात्र त्यांनी उठून आधी म्हैस बाजूला घेतली.

चूक होती संदेशची. इतिहास घेऊन बी.ए. झालेला, बावड्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवणारा हा संदेश. (ही हकीकत लिहिणाराही तोच, पण आपली चूक तिसऱ्याच कुणाची असल्यासारखी सांगितली की निम्मी लाज वाचते, म्हणून संदेश.) एका रिकाम्या दुपारी त्यानं आपल्या खोरवडीची गढी जगाच्या नकाशावर चढवली. नाव दिलं ‘मध्ययुगीन किल्ला’, खाली इंग्रजीत कॅसल. वेळ दिली सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जणू सहाला कुलूप लावायला तिथं शिपाई बसवला होता. एवढं सगळं निगुतीनं करून पिन टोचली ती शंभर पावलं अलीकडं. त्या शंभर पावलांत भिमाआबांचं घर येतं, गोठा येतो आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे छबूबाईंचा, मेथीचा वाफाही येतो.

भिगवणला फ्लेमिंगो बघून, मासे खाऊन, उरलेल्या दिवसाचं काय करायचं असं ज्याला ज्याला वाटलं, त्याला त्याला फोन खोरवडीला पाठवू लागला.

"कुणाचं बोट हाय ते?" छबूबाईंनी सरळ चावडीवर येऊन विचारलं. नकाशाखाली संदेशचं नाव फोटोसकट होतं, त्यामुळं लपायला जागा नव्हती.

"चुकलं आजी. पिन हलवतो मी."

"पिन हलवशील न्हायतर वाजवशील, मला काय! माझा वाफा भरून दे. बी टाकून, उगवून, हातभर वाढलेला. बाजारातनं जुडी आणून दिलीस तर त्याच जुडीनं बडवीन."

"देतो आजी. दोन्ही याच आठवड्यात करतो."

संदेशचे आठवडे मोठे असतात, हे छबूबाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं.

खोरवडी नीरेच्या काठावर आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. नदी जिथं कोपरासारखी वळते तिथं उंचवट्यावर गढी आहे. खाली दगड, वर पुरुषभर रुंदीची मातीची भिंत, दोन बुरूज आणि एक कमान. दोनपैकी एक बुरूज अजून उभा आहे. गढी कुणी बांधली याबद्दल गावात तीन मतं आहेत आणि ती आपल्याच पूर्वजांनी बांधली असं म्हणणारी घराणी पाच. पण आत काय आहे हे खात्रीनं सांगेल असा माणूस एकच होता, तो म्हणजे भिमाआबा.

आबा पांढरी काढायचे. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. वर लाकडं, लाकडांवर काटक्या, काटक्यांवर चिखल आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती भिजली की मेणासारखी बसते, थेंब खाली येऊ देत नाही. ती शेतात मिळत नाही, जुन्या वस्तीच्या जागीच मिळते. आणि खोरवडीत गढीएवढं जुनं दुसरं काय? म्हणून शिमगा झाला की मृगापर्यंत गावातल्या प्रत्येक माळवदावर गढीची चार-दोन घमेली पडायची. खणायचे भिमाआबा. दीड एकर ऊस होता, पण ऊस काय, पाणी पाजलं की एकटा वाढतो. टिकाव, फावडं आणि डोक्याला ओला पंचा घेऊन त्यांनी चाळीस उन्हाळे गढीत काढले. पुढं पत्रे आले, स्लॅब आले आणि पांढरीला कुणी विचारीना. स्पष्टच बोलायचं तर आमची गढी काळानं खाल्ली नाही. भिमाआबांनी ती घमेल्याघमेल्यानं गावाच्या डोक्यावर नेऊन ठेवली.

छबूबाई पिंपळीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या. पहिल्याच आठवड्यात सासूनं दोन गोष्टी बजावल्या. म्हैस लाथ मारते तेव्हा डाव्या अंगाला बसायचं नाही, आणि गढीत पाय ठेवायचा नाही. गावच्या लेकी खुशाल आत जायच्या, बोरं पाडायच्या, लपंडाव खेळायच्या. सुनांनी मात्र कमानीसमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या आणि नजर खाली ठेवायची. का, ते सासूला ठाऊक नव्हतं. सासूच्या सासूलाही नव्हतं. कारणच ठाऊक नसल्यामुळं ते संपलंय की नाही हेही कुणाला कळेना, आणि रीत चालू राहिली.

त्या पहिल्या उन्हाळ्यात, डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक होऊन घरी आलेल्या नवऱ्यापुढं पाण्याचा तांब्या धरत छबूबाईंनी विचारलं, "आत काय हाय वं?"

आत वेड्या बाभळी होत्या, घाणेरी होती, शेळ्यांच्या लेंड्या होत्या आणि एक खड्डा होता, तो त्यांचाच. पण नवी बायको डोळे मोठे करून उभी होती. दुसऱ्यांचे नवरे इंदापूरच्या बाजारातून येताना गजरा आणत, भेळ आणत. यांच्या अंगावर धुळीशिवाय काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "सात चौक हायत."

"सात?"

"सात. आज पयलाच बघून झाला."

झालं. दुसऱ्या दिवशी दुसरा बघणं आलं.

थाप मारणं सोपं असतं. छबूबाईंपुढं तिची डागडुजी ठेवणं अवघड. आबांनी हत्तीखाना सांगितला, तर हत्तीचं शेण कोण काढायचं, असा सवाल आला. आरसेमहाल सांगितला, तर पुसायला बाया किती होत्या, हे ठरवावं लागलं. पितळी कड्यांचा झोपाळा सांगितला तेव्हा त्या कौतुकानं ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. एवढ्या माणसांचा सैपाक कुठं व्हायचा?" आबांना त्या रात्रीच्या जेवणाआधी बारा चुलींचं स्वयंपाकघर बांधावं लागलं. एकदा त्यांनी आबांना भाकरी वाढता वाढता पकडलं, "परवा हीर उगवतीला म्हणला व्हता, आज मावळतीला कशी?" तेव्हापासून गढीत दोन विहिरी झाल्या. अशा रीतीनं दिवसभर आबा गढी खणायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बांधायचे. वीस वर्षांनी हिशेब असा झाला की बाहेरच्या गढीपेक्षा घरातली गढी जास्त पक्की होती.

आणि तिसऱ्या चौकात एक मोर होता. भिंतीवर रंगवलेला. त्याला म्हणे सगळं दिसायचं.

"आज कोंबडीमागं पळताना पडलीस न्हवं?" आबा हातपाय धुता धुता विचारायचे.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"मोरानं."

पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा दाराबाहेर डोकावून गढीकडं बघून आल्या. शेजारणीशी पाटाच्या पाण्यावरून झालेलं भांडण, वाळत घातलेल्या पापडांतला शेळीनं पळवलेला पापड, दुपारचा गुपचूप दुसरा चहा, सगळं मोर सांगायचा. एकदा चिडून त्यांनी भरदुपारी अंगणात उभं राहून गढीकडं तोंड करून जीभ काढली. संध्याकाळी आबा जेवताना म्हणाले, "मोराला वेडावून दाखवू नये. देवाचं पाखरू हाय." त्यानंतर चाळीस वर्षं छबूबाई दुपारी अंगणात आल्या की पदर आधी सारखा करायच्या.

मोराला हे सगळं कसं कळतं, ते गुपित आबांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पोरालाही नाही.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं गढी साफ करायची मोहीम काढली. बाभळी तोडायला बाया आत गेल्या, त्यांत आबांची सून स्वरूपाही होती. रीत कुणी मोडली नाही, ती नुसतीच खुरप्याबरोबर आत निघून गेली. त्या संध्याकाळी आबा ताटावर नुसतीच भाकरी कुस्करत बसले. छबूबाईंनी सुनेला विचारलंच, "काय काय बघितलंस गं?"

स्वरूपानं सासऱ्यांकडं पाहिलं. सासरे ताटाकडं पाहत होते.

"लई मोठी हाय आत, आत्या," ती म्हणाली. "माझं सगळं ध्यान काट्यांकडं. तुमी सांगता तसं नीट काय बघणं झालं न्हाय."

त्या दिवसापासून आबांनी स्वरूपाच्या चहाला कधी नाव ठेवलं नाही. तोडलेल्या बाभळी दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटल्या, कमान मात्र सगळ्यांना मोकळी झाली. तरी गंमत ही, की छबूबाई गेल्या नाहीत. "मला काय नवं बघायचंय?" त्या म्हणायच्या. "माझी सगळी ऐकून पाठ हाय."

आणि मग संदेशची पिन आली.

पहिल्या मोटारीला त्यांनी शिव्या दिल्या. दुसरीला रस्ता दाखवला. तिसऱ्या मोटारीत एक लहान पोरगी होती, तिला तहान लागली होती. पाणी देता देता छबूबाईंनी विचारलं, "गढी बघायला आलीस व्हय? सात चौक हायत, घाबरू नको." पोरगी थांबली, तिची आई थांबली, बाप मोटार बंद करून उतरला. अर्ध्या तासानं ते गढीकडं गेले तेव्हा त्यांना बारा चुली आणि दोन्ही विहिरी तोंडपाठ होत्या. त्यानंतर दर शनिवार-रविवारी छबूबाईंच्या अंगणात मंडळी बसू लागली. मेथीच्या वाफ्यात मोटारी लागायच्या. आबा बाजेवर पडून पंचा तोंडावर ओढून घ्यायचे. पंच्याखालून त्यांना आपलेच शब्द ऐकू यायचे, चोपन्न वर्षं घरात वापरून मऊ झालेले.

मंडळी आत जायची आणि दहा मिनिटांत बाहेर यायची. बहुतेक जण भले होते. हसून, नमस्कार करून निघून जायचे. कुणी विचारलंच, "आजी, आत तर काही दिसलं नाही," तर छबूबाई म्हणायच्या, "तुमी उन्हाच्या भरात गेला. डोळं दिपत्यात." पण एका शनिवारी एक जाडजूड गृहस्थ कमानीतून परत आले, बुटातले काटे काढत बसले आणि म्हणाले, "आजी, आत बाभळी आणि खड्डा आहे. तुम्हाला कुणीतरी आयुष्यभर येड्यात काढलंय."

ते गेले. छबूबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला ओतलं. मग त्यांनी बाजेकडं पाहिलं. पंच्याच्या विणीतून आबांना ती नजर दिसली. ती रागाची नव्हती. रागाची असती तर बरं झालं असतं; रागाची त्यांना सवय होती. ती तपासून बघायची नजर होती, गवार निवडताना असते तशी.

पुढच्याच बुधवारी श्रेया आली. पुण्यात वास्तुकलेचं शिकणारी पोरगी. खांद्याला नळकांडं, हातात टेप. तिनं दोन तास बसून छबूबाईंचं सगळं ऐकलं आणि ऐकता ऐकता मोठ्या कागदावर काढलं. सात चौक, झोपाळा, हत्तीखाना, भिंतीवरचा मोर. कागद पुरा झाला तेव्हा छबूबाई त्याच्यावर वाकून बराच वेळ बघत बसल्या. चुलींवर बोट ठेवून त्यांनी मोजल्या. बरोबर बारा होत्या.

"आजी, रविवारी येते. आपण हा कागद घेऊन आत जाऊ. कुठं काय होतं ते तुम्ही दाखवा."

आबा बाजेवरून उठून बसले. "सुनांनी जायचं नसतंय."

"तुमची स्वरूपा जाऊन आली की," छबूबाई म्हणाल्या. मग श्रेयाकडं वळून, "ये रविवारी. येते मी."

आबांच्या हातात चार दिवस होते. ते बायकोच्या बोलण्याला भ्यायले नव्हते. भीती वेगळीच होती. सात चौक नाहीत हे कळलं की ही बाई बाकीचंही चाळणीत घालणार. बघायला आलो तेव्हा पिंपळीत तुला बघताक्षणी पसंत केली, असं आबा सांगत आले होते. दुसरी पोरगी बघितलीच नाही, असंही. हे खरं होतं. पण खोट्याच्या टोपलीत सापडलेलं खरं कोण वेगळं काढून ठेवतो?

गुरुवारी त्यांनी बावड्याला जाणाऱ्या टमटममधून संदेशचं दुकान गाठलं. "ती पिन काढ. आत्ताच्या आत्ता."

"आबा, पिन काढून काय होणार? आजींना रस्ता ठाऊक आहे."

"मग काय करू?"

संदेशला बी.ए.ला हे नव्हतं. त्यानं चहा मागवला.

शुक्रवारी आबांनी नाग काढला. "आत नागाचं जोडपं हाय. लई जुनं."

"चाळीस उन्हाळं तुमच्या शेजारी ऱ्हायलं न्हवं?" छबूबाई लसूण सोलत म्हणाल्या. "मग मला घरचीच मानतील."

शनिवारी सकाळी गुडघा दुखायला लागला. छबूबाईंनी तेल लावलं, चोळला, आणि सांगितलं, "रविवारी आल्यावर शेकीन." शनिवारी संध्याकाळी चुलीपाशी बसून आबांनी शेवटी कबूल करायचं ठरवलं. तोंड उघडलं आणि आतून भलतंच निघालं.

"ऐक की. म्या बघितलं त्याला लई वर्सं झाली. पावसापाण्यात काय काय पडलं आसंल."

"पडतंयच."

"झोपाळा तर... न्हेला आसंल कुणी."

"पितळी कड्या व्हत्या. ठिवतंय कोण!" त्यांनी भाकरी उलटली.

आबांना जरा हुशारी आली. "आरसंबी फुटलं आसतील."

"फुटणारच. काचंचं काय." भाकरी टम्म फुगली. ती आबांच्या ताटात टाकत त्या शांतपणे म्हणाल्या, "पर बारा चुली कोण न्हेतंय वं?"

आबा भाकरी कोरडीच खाऊ लागले.

रविवारी सकाळी छबूबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. श्रेयानं कागदाची गुंडाळी घेतली, संदेशनं पाण्याची बाटली घेतली. चुकीच्या पिनेची तेवढी तरी भरपाई म्हणून. आबांना कुणी या म्हणालं नाही. ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि बघत राहिले. कमानीपाशी छबूबाई थांबल्या, वाकल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेल्या. हिरवा पदर जरासा दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

आबा बाजेवर बसले, उठले. काठी न घेता गोठ्यापर्यंत जाऊन आले. म्हशीला सांगितलं, "गेली." म्हशीनं रवंथ थांबवला नाही. दहा मिनिटं झाली. सगळे दहा मिनिटांत येतात. वीस झाली. ती तिथं खड्ड्याच्या काठावर उभी असेल, असं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. चपला हातात, आणि समोर बाभळी. गुडघा खरोखरच दुखायला लागला.

मग त्यांनी ते केलं जे गेल्या दिवाळीपासून केलं नव्हतं. इंदापूरच्या डॉक्टरांनी तोंडातली जखम बघून तंबाखू बंद केली होती, आणि छबूबाईंनी म्हशीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. पण गोठ्याच्या वाशात एक पुडी अडीनडीला खोचलेली होती. ही अडच होती आणि नडही. आबांनी इकडंतिकडं बघितलं. चिमूट काढली, मळली, तोंडात धरली. म्हशीच्या नजरेला नजर दिली नाही. मग गोठ्याच्या कडेला थुंकले, वर पायानं माती लोटली, दोन चुळा भरल्या आणि साळसूदपणे बाजेवर येऊन बसले.

तासाभरानं मंडळी आली. चपला अजून छबूबाईंच्या हातातच होत्या. लुगड्याला खाली काटे चिकटले होते. त्या पायरीवर बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या. श्रेया कागद गुंडाळत होती. आबांनी संदेशकडं पाहिलं. संदेशनं बाटलीकडं पाहिलं.

"बघितली?" शेवटी आबांनीच विचारलं.

"बघितली."

"मग?"

"मोठी हाय." त्या लुगड्याचे काटे एकेक करून काढत होत्या. "आन आवं..."

"काय?"

"तंबाकू कवापासनं सुरू केली?"

आबांच्या हातातली काठी खाली पडली. "कुणी सांगितलं?"

छबूबाईंनी काटा काढला, बोटांत धरून बघितला आणि बाजूला टाकला.

"मोरानं."

आत काय झालं ते आबांनी संदेशकडून नंतर तीनदा वदवून घेतलं. प्रत्येक वेळी मध्येच थांबवून विचारायचे, "आसंच म्हणली?"

आत गेल्यावर छबूबाईंनी आधी सगळीकडं नजर फिरवली. बाभळी पाहिल्या, खड्डा पाहिला. श्रेयानं कागद उघडावा की नाही अशा बेतानं धरून ठेवला होता. मग त्या म्हणाल्या, "उघड की," आणि चालू लागल्या. हा पहिला चौक. इथं झोपाळा. जपून, इथं हत्तीचं शेण असायचं. दोन बाभळींमध्ये थांबून त्यांनी बारा चुलींच्या जागा दाखवल्या, एकेक. खड्ड्यापाशी आल्यावर श्रेयानं हळूच विचारलं, "आजी, चौथा चौक इथं यायला हवा ना?"

"चौथा?" त्यांनी खाली खड्ड्यात पाहिलं. टिकावाचे घाव अजून भिंतीला होते. "चौथा आमच्या माळवदावर हाय. पाचवा शाळंवर व्हता. सावा-सातवा वाटून दिला गावाला. चाळीस वर्सं कुणाच्या घरात थेंब गळला न्हाय."

मग त्यांनी विचारलं, आमच्या घराकडची भिंत कुठली. ती दक्षिणेची. तिथं खणलेलं नव्हतं. सगळी गढी पोखरलेली, पण तेवढी भिंत आबांनी सोडलेली. भिंतीशी एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला, आणि दगडावर बसलं की डोळ्यांच्या पातळीला एक भोक. जुन्या काळी बंदूक रोखायला ठेवायचे तसं, आत रुंद, बाहेर अरुंद, खाली उतरतं. संदेशला त्याचं नाव ठाऊक होतं, जंगी म्हणतात त्याला. परीक्षेत आलं होतं. त्यानं ते सांगितलं. छबूबाईंनी ऐकलं नाही. त्या दगडावर बसल्या आणि भोकाला डोळा लावला.

त्यातून नदी दिसत नाही, रस्ता दिसत नाही. बैलगाडीच्या चाकाएवढा गोल दिसतो. गोलात छबूबाईंचं अंगण, तुळस, चुलीचा धूर, गोठ्याचं तोंड आणि बाज.

"आयला," त्या पुटपुटल्या, "एवढंच बघायला बसायचा व्हय हा माणूस."

तिथंच त्या सगळ्यात जास्त वेळ बसल्या. श्रेयानं टेप काढून भिंत मोजली, संदेशनं फोटो काढले, तरी उठल्या नाहीत. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले. संदेश घाबरून जवळ गेला तर त्या पदर तोंडात धरून हसत होत्या. "बघ, बघ," त्या म्हणाल्या, "वाशातनं पुडी काढतोय. वर चोरावानी म्हशीची नजर चुकवतोय!"

एवढं ऐकलं की भिमाआबा दर वेळी पंच्यानं तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. फुडचं म्हाईत हाय मला."

आता शनिवार-रविवारी अंगणात दोघं बसतात. छबूबाई सांगतात, आबा पंचा न ओढता ऐकतात. मध्ये एखादा चौक चुकला तर आबाच दुरुस्त करतात; मग विहीर उगवतीला की मावळतीला यावरून पाहुण्यांसमोर दोघांचं जुंपतं. शेवटी छबूबाई सांगतात, "सगळं बघून झालं की दक्षिणंच्या भिंतीला दगड हाय, त्याच्यावर बसा. मोर दिसंल." श्रेयाचा कागद काच लावून भिंतीवर टांगलाय.

संदेश एकदा फोन काढून म्हणाला, "आजी, आज पिन हलवतोच. गढीवर नेतो."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आधी हितं येऊ द्या लोकास्नी. हितनं ऐकून गेलं तर आत काय तरी दिसंल. न्हायतर नुसत्या बाभळी." मग त्यांनी हात पुढं केला, पंजा उघडून. "पिन ऱ्हाऊ दे. माझा वाफा कुठाय?"

संदेशनं सांगितलं की बी आणलंय. खरंच आणलंय. मेथीच्या बियांची पुडी गाडीच्या डिकीत आहे. पण आता शिमगा झाला, ऊन चढलं, या दिवसांत मेथी हातभर होत नाही, लगेच फुलावर येते. हे छबूबाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, पाऊस पडून जमीन वाफशावर आली की ये. तोवर दर रविवारी येऊन हजेरी देत जा.

तेव्हापासून तो दर रविवारी जातो. चहा पितो. वाफ्यात मोटारीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या तशाच आहेत.